आपला जिल्हा आणि त्याच्या बोली

वार्षिक अंकाच्या संपादक-मंडळाने या खेपेस 'आपला जिल्हा' हा विषय मजकडे सोपविला, तेव्हा प्रथम मनात आले की हे काम भूगोलाच्या शिक्षकांचे. मी पडलो भाषेचा शिक्षक, आणि तोही मूळचा घाटावरचा. परंतु थोडा विचार करता असे दिसले, की जो मनुष्य परक्या मुलुखातून येऊन येथे स्थायिक होतो त्याला जिल्ह्याची ओळख नकाशावरून फारशी होत नाही, ती शब्दांवरून होते. आमच्या नगरकडे 'सडा' म्हणजे सकाळी अंगणात शिंपडावयाचे शेणपाणी. येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने सांगितले, "सर, आमचं घर सड्यावर आहे," तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागण्यासाठी मला त्याच्यासोबत त्याच्या गावीच जावे लागले. तिकडे 'खळे' म्हणजे मळणीची जागा, तर इकडे घरापुढचे अंगण. 'आगर' तिकडे मिठाचे, इकडे माडांचे. विहिरीला येथे बाव म्हणतात, आणि दगडी पायऱ्यांच्या वाटेस पाखाडी. हे सारे शब्द मी एका वहीत उतरीत गेलो, आणि ती वही भरता भरता जिल्हा मला समजू लागला. म्हणून हा लेखही त्याच वाटेने जाईल. ज्यांना तालुक्यांची नावे व पिकांची यादी हवी असेल त्यांनी भूगोलाचे पुस्तक उघडावे.

तरीही भूमीविषयी चार शब्द सांगितल्यावाचून वाणीची गोष्ट कळणार नाही. पूर्वेस सह्याद्रीचा कडा, पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस सावित्री नदी. आणि दक्षिणेस १ मे १९८१ रोजी आपल्यातूनच वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा. या चौकटीत मंडणगडपासून राजापुरापर्यंत नऊ तालुके बसलेले आहेत. घाटमाथ्यावर उगम पावणाऱ्या नद्यांना येथे समुद्र गाठण्यास फार वेळ लागत नाही. उगमाजवळ धबधबा, मध्ये गोटे-धोंड्यांचा पऱ्या, आणि पुढे दमछाक झाल्याप्रमाणे संथ, खारी, रुंद खाडी, असा त्यांचा आयुष्यक्रम आहे. सावित्री बाणकोटास, वाशिष्ठी दाभोळास, शास्त्री जयगडास, काजळी आपल्या भाट्यास, मुचकुंदी पूर्णगडास आणि अर्जुना जैतापुरास समुद्राला मिळते. प्रत्येक मुखावर एक बंदर आणि बहुधा एक किल्ला. इतिहासाची अर्धी हकीकत या एका वाक्यात आली.

दोन खाड्यांच्या मध्ये जो उंच सपाट प्रदेश राहतो तो सडा. हा जांभ्या दगडाचा. मूळचा काळा बेसाल्ट हजारो-लाखो वर्षे उन्हापावसात झिजला, त्यातील सिलिका पाण्याने वाहून नेली, आणि लोह व ॲल्युमिनिअम यांची संयुगे मागे राहून हा तांबडा, सच्छिद्र कातळ बनला. खाणीतून नुकताच काढलेला चिरा इतका मऊ असतो, की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा लागला म्हणजे तो कठीण होतो. आपल्या बहुतेकांची घरे, आणि या शाळेच्या जुन्या भिंतीही, याच चिऱ्याच्या आहेत. परंतु जो दगड घर बांधण्यास इतका सोयीचा, तोच पाणी राखण्यास नालायक. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलूनही सड्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन उतरावे लागते. ज्या मुली त्या दिवसांत शाळेस उशिरा येतात, त्यांच्या हजेरीच्या खुणेमागे हा भूगोल असतो.

या कातळावर आपल्या पूर्वीच्या कोणी माणसांनी चित्रे खोदून ठेविली आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही नावे आता परदेशांतील विद्वानांसही ठाऊक झाली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात दुसरे कितीतरी प्राणी व जलचर कोरले आहेत. २०२२ साली कोकणातील ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ज्या माणसांनी ती कोरली त्यांची भाषा कोणती होती हे कोणास सांगता यावयाचे नाही. माझा एक विद्यार्थी उक्षीच्या हत्तीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "ह्यांनी अक्षरं का नाही काढली?" त्याच्या या प्रश्नाची मला फार वेळा आठवण होते.

आता इतिहास. तो मी घाईने सांगणार आहे, कारण तो तुम्हांस अन्यत्र वाचावयास मिळेल. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. त्यांत आरंभी बौद्ध भिक्षू राहिले व पुढे नाथपंथी आले. मध्ययुगात दाभोळ हे दक्षिणेचे एक मोठे द्वार होते. घोडे उतरत, कापड चढे, हजचे यात्रेकरू निघत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेइदा याने ते जाळून बेचिराख केले. १६४९ साली इंग्रजांनी राजापुरास वखार घातली. १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटून वखारवाल्यांस कैद केले. १६८९ साली, शास्त्री व सोनवी यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरी, संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. १७५५ साली सुवर्णदुर्ग आंग्रे यांच्या हातून गेला, १७५६ साली बाणकोट इंग्रजांस मिळाले, आणि १८१८ साली पेशवाईबरोबर उरलेला मुलूखही गेला. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी बाणकोटास व पुढे हर्णै येथे आले आणि त्यांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या. आमच्यासारख्या शाळांची पणजी म्हणावी ती ही.

या घडामोडींतून जहाजे गेली, राज्ये गेली, पण शब्द राहिले. नाखवा हा फारसी नाखुदा. बंदर हाही फारसीच. चावी, पगार, लिलाव, घमेले, काजू, अननस ही पोर्तुगिजांची देणगी, आणि ज्याला आम्ही ख्रिस्ती लोक पाद्री म्हणतो तोही त्याच गलबतातून उतरला. आपला हापूस म्हणजे आफोन्सो. १९२४ ते १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी येथूनच जोराने चालविली. दिनांक, महापौर हे त्यांनी घडविलेले शब्द आज शाळेच्या फळ्यापासून मुंबईच्या महापालिकेपर्यंत रूढ आहेत. परंतु त्याच शहरात आंब्याच्या पेटीवर मात्र पोर्तुगीज नाव तसेच राहिले. बाजारापुढे व्याकरणाचे काही चालत नाही. आणखी एक विलक्षण गोष्ट. १८८५ साली पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा पुढच्या वर्षी येथे आणला गेला आणि १९१६ साली येथेच वारला. त्याची राणी १९१९ साली परत गेली, पण एक नात येथेच वाढली, आणि मंडालेच्या राजवंशातील ती स्त्री जन्मभर आपल्या-तुपल्यासारखी मराठी बोलत रत्नागिरीत राहिली. सक्तीने आणलेल्या माणसासही या मातीने एका पिढीत आपली बोली दिली.

ती बोली कोणती? येथे मात्र सावकाश चालले पाहिजे, कारण 'रत्नागिरीची बोली' अशी एक वस्तू नाहीच.

ग्रिअर्सन साहेबांनी भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तो तयार करण्याचे काम स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केले. भाषांची तुलना करावयाची तर सर्वांनी एकच मजकूर सांगितला पाहिजे. तो मजकूर म्हणून त्यांनी कोणता निवडला असेल? लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. बाप, दोन मुलगे, वाटणी, परदेश, दुष्काळ, डुकरे, परत येणे, मेजवानी, थोरल्याचा राग. साऱ्या साध्या घरगुती गोष्टी, आणि त्यांत सर्व पुरुषांची सर्वनामे व सर्व काळांची क्रियापदे येतात. अशा रीतीने हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातील शेकडो बोलींत तो धाकटा मुलगा घर सोडून गेला आणि परत आला. त्या सातव्या खंडात तो संगमेश्वरीत गेला आहे, बाणकोटीत गेला आहे, आणि चित्पावनी, दाळदी व कुडाळी या बोलींतही. यांपैकी पहिल्या दोन ग्रंथकारांनी मराठीखाली घातल्या, पुढच्या तीन कोकणीखाली. हा वाद विद्वानांत अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची मला घाई नाही. माझ्या चित्पावन शेजारीणबाई मुलाला 'बोड्यो' म्हणतात, आमच्या शिपाईमामांच्या घरी बापाला 'बापूस' आणि आईला 'आवस' म्हणतात, आणि तरी दोघांचे एकमेकांशी कधी अडत नाही.

बोली कोठे बदलते, याविषयी पुस्तकांत खाड्यांचा उल्लेख असतो. माझे मत थोडे निराळे आहे. खाडी नकाशावर तोडते, परंतु बोलण्यात जोडते. तरीतून रोज माणसे ये-जा करीत. बाजार, सोयरीक, वैद्य, देवाची पालखी, सारे पाण्यावरून चाले. हर्णैचा नाखवा व मिरकरवाड्याचा नाखवा एकमेकांस चटकन समजतात. पण त्याच हर्णैच्या नाखव्यास डोंगरकपारीतील कोंडावरच्या कुणब्याचे भातलावणीचे शब्द ऐकविले तर तो बुचकळ्यात पडतो. तोडणारा होता तो सडा. चालून जाण्यास उन्हाचा, पाण्यावाचूनचा, रात्री भुताखेतांचा. दोन वाड्यांमध्ये एक सडा पडला की तरवा, राब, कवळ या शब्दांचे उच्चार निराळे आणि म्हणी निराळ्या. शिवाय बोली केवळ गावागावांत नव्हे, तर एकाच गावातील वाडीवाडीत बदलते, आणि त्याचे कारण भूगोल नसून जातिभेद आहे, हेही येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. एकाच बावीचे पाणी ज्यांनी एकमेकांस भरू दिले नाही, त्यांचे शब्द तरी एक कसे होणार?

आता शाळेकडे वळतो. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलीने निबंध वाचून दाखविताना 'माझा बापूस' असे म्हटले, आणि वर्गात हशा पिकला. ती खाली बसली, आणि मग कितीतरी दिवस उभे राहून वाचण्यास तयार होईना. हसणाऱ्यांत अशी मुले होती, की ज्यांच्या स्वतःच्या आजीच्या तोंडी तोच शब्द होता. मला त्या हसण्याहून त्या मुलांच्या चेहऱ्यावरची सुटका अधिक लागली: आपण सापडलो नाही याची सुटका.

मी रागे भरलो नाही. पुढच्या तासाला ग्रिअर्सन साहेबांची गोष्ट सांगितली आणि वर्गास एक काम दिले. दृष्टांत मी वाचून दाखविला. तो प्रत्येकाने घरी जाऊन आपल्या सर्वांत वडील माणसास सांगावयाचा, आणि त्याने आपल्या बोलीत तो परत सांगितला म्हणजे ऐकू येईल तसाच उतरून आणावयाचा. मुले सर्व धर्मांची होती. परंतु घरात बाप आणि दोन मुलगे असण्यास कोणत्या धर्माची अडचण?

तीन दिवसांनी एका विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले. गृहस्थ नम्र होते, पण मनातून दुखावलेले. म्हणाले, "सर, पोटाला चिमटा घेऊन पोराला इथं धाडतो, तो शुद्ध बोलायला शिकावा म्हणून. घरचं बोलणं त्याला येतंच की. ते कशाला वहीत लिहायचं? उद्या मुलाखतीला हेच तोंडात आलं तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या जिल्ह्याच्या माणसास बोलीमुळे काय सोसावे लागले, हे मी ऐकलेले आहे. गिरणीच्या फाटकावर, कचेरीच्या खिडकीपाशी, वसतिगृहात, तोंड उघडताच ओळखला जाणारा कोकणी. प्रमाण भाषा ही आपल्या मुलांची शिडी आहे, आणि ती मी कोणाच्या हातून काढून घेणार नाही. माझी सारी नोकरी ती शिडी धरून ठेवण्याचीच आहे. म्हणून मी त्यांना फादर स्टीफन्सची हकीकत सांगितली. हा इंग्रज मिशनरी गोव्यात आला, मराठीवर लुब्ध झाला, आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, उत्तम ग्रांथिक मराठीत. पण त्याच माणसाने गावकऱ्यांच्या कोकणीचे व्याकरणही लिहिले, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. एका हाती ग्रंथाची भाषा आणि दुसऱ्या हाती घरची. दोन्ही हात त्याचेच. गृहस्थांनी ऐकून घेतले, "बघतो" म्हणाले, आणि निघून गेले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

वह्या आल्या, त्या निम्म्याहून कमी विद्यार्थ्यांच्या. काहींच्या घरी सांगणारे कोणी उरले नव्हते, काहींच्या आज्यांनीच लाजून नकार दिला: "आमचा कसला बोलणा लिवतोस!" परंतु जे आले ते पाहून मी थक्क झालो. दृष्टांतातील दूर देश जवळपास प्रत्येक वहीत मुंबई झाला होता. तसे कोणी कोणास सुचविले नव्हते. कुठे धाकटा बोटीने गेला, कुठे रातराणीने, कुठे परळच्या गिरणीत लागला. दुष्काळाच्या जागी एका आजोबांनी १९८२ सालचा संप घातला होता. ज्यू कथेतील डुकरांच्या शेंगांऐवजी धाकट्याची नजर फणसाच्या चारखंडांकडे गेली होती, जी आपण गुरांपुढे टाकतो. परत आल्यावर बापाने एका घरी कोंबडीवडे केले आणि दुसऱ्या, मुसलमान घरी, सांदणे. आणि थोरला भाऊ सगळीकडे एकच काम करीत होता: गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले, तो लावणी लावीत होता.

ज्या गृहस्थांचा मी उल्लेख केला, त्यांच्या मुलाचीही वही होती. पहिली तीन पाने मुलाच्या हस्ताक्षरात, मध्येमध्ये गाळलेल्या जागा. शेवटची दोन पाने वडिलांच्या. "त्याला आईचे शब्द कळेनात," असे त्यांनी खाली मला उद्देशून लिहिले होते. घरचे बोलणे 'येतंच की' असे ज्याच्याविषयी ते म्हणाले होते, तोच हा मुलगा.

आणि ती 'बापूस' म्हणणारी मुलगी? तिची आजी गोष्ट सांगता सांगता थोरल्याच्या रागापाशी थांबली आणि पुढे सांगेचना. नातीने तेही इमानाने लिहिले होते. आजी म्हणाली, "थोरल्याचा काय चुकला?" तिचे तीन मुलगे मुंबईस, आणि चौथा तिच्याजवळ. मी इतकी वर्षे हा दृष्टांत प्रार्थनासभेत ऐकतो आणि सांगतो. तो बापाचा व धाकट्याचा म्हणून सांगतो. २००१ साली आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या खानेसुमारीत १६,१५,०६९ वर आली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२ निघाल्या. हे आकडे मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर पाहिलेले आहेत. त्यांत गेलेले मोजले आहेत. राहिलेल्यांच्या वतीने बोलणारी ही एक आजी मला वहीत भेटली, आणि ती तिच्याच भाषेत बोलत होती. त्या मुलीने ते पान वर्गात उभे राहून वाचले. कोणी हसले नाही.

तेव्हापासून हा उपक्रम दर वर्षी चालू आहे. वह्या ग्रंथालयातील खालच्या कपाटात ठेविल्या असून विद्यार्थ्यांस व पालकांस त्या मधल्या सुटीत पाहता येतील. कुणबी, भंडारी, खारवी, कोकणी मुसलमान, बौद्ध, चित्पावन व कऱ्हाडे घरांतील लेखने आली आहेत. मात्र मंडणगड व लांजा या तालुक्यांतील एकही अद्याप नाही, आणि दाळद्यांच्या बोलीचे फक्त अर्धे पान आहे. ज्यांची आजोळे त्या बाजूस असतील त्यांनी दिवाळीच्या सुटीस जाताना एक कोरी वही माझ्याकडून घेऊन जावी.